मर्जीतला काका

बाबांकडच्या पुरुषांचे आवाज फोनवर वेगवेगळे ओळखू येत नाहीत. पुण्यात मोठी आत्या फोन उचलला की आधी विचारायची, "तुमच्यातला कुठला?" आणि पलीकडे आजोबा असोत, बाबा असोत की कुणी चुलतभाऊ, आधी हसायचा आणि मग सांगायचा. मला हे फार उशिरा कळलं. मी आठ वर्षांचा असताना बाबा गेले आणि त्यांचा आवाज माझ्याजवळ राहिलाच नाही. फोटो होते. एक व्हिडिओही होता, कुणाच्या तरी मुंजीतला. त्यात बाबा पंगतीत जिलबी खाताना दिसतात, शेजारच्याशी काहीतरी बोलतातही, पण वर सनई लावलेली आहे. त्या सनईचा मला अजून राग येतो.

बाबा इंजिनिअर होते. नोकरी मिळाली म्हणून आम्ही न्यूझीलंडला आलो, ऑकलंडच्या दक्षिणेला पापाकुऱ्यात स्टेशनजवळ घर घेतलं, आणि दोन वर्षांत एका सकाळी ऑफिसातच बाबांच्या छातीत दुखलं. मग मामा आमचा कारभारी झाला. तो आमच्या आधीपासून इथे होता, आयटीत होता, अवोन्डेलला राहायचा. दर रविवारी तिथल्या बाजारातून मेथी, भेंडी, कोथिंबीर घेऊन यायचा आणि पिशव्या ओट्यावर ठेवून माझं दप्तर उघडायचा. मी कुठले विषय घ्यायचे, टीव्ही किती बघायचा, आईची गाडी कुठे दुरुस्तीला टाकायची, सगळं तो ठरवायचा. मामा वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्यावर तोंडसुख घेण्याचा मोह मला होणार आहे. बाबा गेल्यावर त्याने आमच्यासाठी जे केलं, ते कुणी केलं नसतं. पण तो घरात आला की मी खुर्चीत सरळ बसायचो, हेही तितकंच खरं.

मराठी मला कळायची, बोलायचो मात्र इंग्रजीच. आई विचारायची "जेवलास का?" आणि मी म्हणायचो, "या, आय्'म गुड." आमच्या इथल्या मराठी मंडळातली सगळीच पोरं तशी. गणपतीच्या नाटुकल्यात आमचे मराठी संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावे लागायचे.

मी तेरा वर्षांचा असताना काका आला.

तो बाबांचा सख्खा चुलतभाऊ, पण वयाने पुष्कळच लहान, सव्वीस-सत्तावीसचा. पुण्यात इतिहास घेऊन एम.ए. केलं, त्याचं पुढे काही होईना, म्हणून इथे हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला आला. आमच्या गराजमध्ये बाबांनी फळ्या ठोकून एक खोली केली होती, ती त्याला दिली. पहिल्याच संध्याकाळी तो तिथून ओरडला, "वहिनी, गरम पाण्याचा नळ कुठला?"

आई आमटीला फोडणी देत होती. ती तशीच उभी राहिली. मोहरी तडतडली, काळी झाली, धूर झाला, छतावरचा स्मोक अलार्म वाजायला लागला, तरी ती हातात हिंगाची डबी घेऊन उभीच. मी खिडक्या उघडल्या. मग ती म्हणाली, "डावीकडचा, भावोजी," आणि करपलेली फोडणी सिंकमध्ये ओतून दिली. मला वाटलं, अलार्मने घाबरली असेल.

त्याच सुमारास शाळेत सोशल स्टडीजच्या सरांनी प्रकल्पाचे विषय वाटले. सरांचे पूर्वज स्कॉटलंडहून बोटीने आलेले. त्या देशाचा विषय निघाला की सर वेळेचं भान विसरायचे. माझ्या वाट्याला आला सोळाव्या शतकातला तिथला एक पोरगा राजा आणि त्याच्या मर्जीतला एक सरदार. मी काकाला सांगितलं, "द किंग लाइक्स हिम, सो ही गेट्स हीप्स ऑफ पावर. दॅट्स इट."

"दॅट्स इट काय?" काका म्हणाला. "एवढ्यात संपलं होय? चल, कपडे वाळत घालायचेत. तिथे सांगतो."

आमच्या मागच्या अंगणात छत्रीसारखी गोल फिरणारी कपड्यांची दांडी होती. काकाने चिमट्यांचा डबा घेतला आणि निळा चिमटा एका तारेवर एकटाच लावला. हा राजा. पाळण्यात असताना मुकुट घातला. बाप मारला गेलेला, आई परक्या देशात कैदेत. एका थंडगार किल्ल्यात म्हातारा गुरू त्याला छडीने बडवून लॅटिन शिकवतो. त्याच्या नावाने कारभार करणारे एकामागून एक मरतात, नाहीतर मारले जातात. आजूबाजूला त्याने हिरवे, पिवळे, पांढरे चिमटे लावले. हे सरदार. सगळे बरोबर बोलतात, सगळे त्याच्या भल्याचंच बोलतात, पण त्याच्याशी कुणी हसत नाही.

"किती वर्षांचा?" मी विचारलं. मराठीत विचारलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"तेरा." काकाने दांडीला हलकेच धक्का दिला. सगळे कपडे फिरून गेले आणि दुसऱ्या बाजूला लाल चिमटा आला. "आणि मग फ्रान्सहून राजाच्या बापाचा चुलतभाऊ येतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. त्याला अजून त्यातली गंमत कळली नव्हती. मग कळली आणि तो एवढा मोठ्याने हसला, की शेजारची आजीबाई कुंपणावरून डोकावली. काका म्हणाला, "किया ओरा!" हा इथला माओरी नमस्कार त्याला नुकताच मी शिकवला होता.

पुढचे कित्येक आठवडे ती गोष्ट कपड्यांच्या दांडीखाली चालली. लाल चिमट्याला आधी जमीन मिळाली. मग एका मठाचं उत्पन्न, मग किल्ला, मग सरदारकी, आणि शेवटी ड्यूक ही पदवी. त्या राज्यात तेव्हा तो एकटाच ड्यूक होता. जुना कारभारी फार भारी माणूस होता. त्याच्यावर राजाच्या बापाच्या खुनात सामील असल्याचा आळ आला आणि त्याचं मुंडकं उडालं. काकाने पिवळा चिमटा काढून डब्यात टाकला, तो टक् आवाज मला आठवतो. सरदार म्हणायला लागले, हा फ्रान्सचा हेर आहे, याचा धर्म वेगळा, हा राजाला बिघडवणार. तर राजाने स्वतः त्याला आपल्या धर्माची शिकवणी दिली. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा शिक्षक आणि चाळिशीकडे आलेला विद्यार्थी. काकाला हा भाग सगळ्यांत आवडायचा. कारण मीही त्याला शिकवत होतो. कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणायचं, चपलेला जँडल्स, आणि कुणी कसा आहेस विचारलं की "स्वीट ॲज". त्याला ते इतकं आवडलं, की आईने भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी तो "स्वीट ॲज, वहिनी" म्हणायचा.

आमच्या घरातही दांडी फिरत होतीच. आधी काका गराजमध्ये जेवायचा, मग टेबलाशी, मग बाबांच्या खुर्चीत. ती खुर्ची रिकामी ठेवायची असा नियम नव्हता, पण तिच्यात कुणी बसत नव्हतं. आईची गाडी तोच चालवायला लागला. माझ्या शाळेची पालकसभा त्यानेच केली. एका रविवारी मामाने सवयीने माझं दप्तर ओढलं, तर काका सहज म्हणाला, "राहू दे ना दादा, मी बघितलंय सगळं." मामाचा हात चेनवर तसाच राहिला. बरोबर आलेली मामी पुटपुटली, "कानामागून आला आणि तिखट झाला." मी प्रचंड खूश झालो. त्या आनंदाची मला आज थोडी भीती वाटते, पण झालो हे खरं.

आमच्या आन्सरिंग मशीनवर तोवर मशीनबरोबरच आलेली एक अमेरिकन बाई बोलायची. काका म्हणाला, हे काय, मराठी माणसाच्या घरात हिचं काय काम? त्याने बटण दाबलं आणि घसा साफ केला. "नमस्कार, किया ओरा. आम्ही आत्ता घरात नाही. तुम्ही बोला, आम्ही ऐकू." बोलताना मागे मी हसल्याचाही आवाज आहे.

मंडळात कुजबुज कुठून सुरू झाली, ठाऊक नाही. गणपतीच्या हॉलमध्ये मी मोदकांच्या रांगेत होतो आणि पुढे दोन बायका माझ्याकडे पाठ करून बोलत होत्या. विधवा भावजय, तरणा दीर, आणि एका घरात. एकीने म्हटलं, पीआरसाठी सगळं चाललंय, बघ लग्नच लावून टाकतील. पीआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, तो आमच्या लोकांत देवाच्या खालोखाल. मी रांग सोडली. आई हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचे ग्लास भरत होती आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. तेव्हापासून मला एकच भीती: काकाला हे लोक राहू देणार नाहीत.

मी त्याला विचारलं, त्या राजाच्या माणसाचं पुढे काय झालं. तो टाळायला लागला. एकदा पावसामुळे कपडे आतच वाळत घालत होतो, तेव्हा मी हट्टच धरला. मग त्याने सांगितलं. सरदारांनी राजाला शिकारीच्या निमित्ताने एका वाड्यावर पाहुणा म्हणून बोलावलं. रात्र गेली. दुसऱ्या दिवशी राजा घोड्यावर बसायला निघाला तर एका सरदाराने दारात पाय आडवा टाकला. काकाने लाँड्रीच्या दारात स्वतःचा पाय आडवा टाकून दाखवला. "बस, एवढंच. तलवार नाही, काही नाही. नुसता पाय. राजा रडला. आणि राजा कैदेत असतानाच त्यांनी त्याच्या सहीने हुकूम काढला, की मर्जीतल्या माणसाने देश सोडून जावं."

"आणि तो गेला?"

"गेला. फ्रान्सला जाऊन वर्षभरात आजारी पडून मेला. मरताना लोकांनी जुन्या धर्माचे संस्कार देऊ केले, त्याने घेतले नाहीत म्हणतात. पोराने शिकवलेला धर्म धरून राहिला. आणि आपलं काळीज काढून राजाकडे पाठवायला सांगितलं."

"पोस्टाने?"

"अरे, पोस्टाने काय!" तो हसला. पण पाय त्याने दारातून काढला नव्हता. मी खालून वाकून निघालो तेव्हा त्याने माझी मान पकडली आणि म्हणाला, "राजाने असं निघायला हवं होतं."

ऑक्टोबरात लेबर वीकेंडची लांब सुट्टी आली. मामाच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी कोरोमंडलला समुद्राकाठी सुट्टीचं घर होतं, इथे त्याला बॅच म्हणतात. मामा मला म्हणाला, चल, फिशिंगला नेतो, तुझं वय आहे आता. आई म्हणाली, जा ना. काका गराजच्या दारात उभा राहून म्हणाला, "मोठा मासा आण." तिघांपैकी कुणाला काय ठाऊक होतं, ते मला आजही नीट माहीत नाही.

रविवारी दुपारी मी बॅचवरून घरी फोन लावला. मशीनने उचलला. नमस्कार, किया ओरा. पुन्हा लावला. पुन्हा मशीन. आई रविवारी कुठे जात नाही, काका तर झोपलेला असतो. मी पिशवी भरली आणि मामाला म्हटलं, "आय वॉन्ट टू गो होम."

"उद्या जायचंच आहे की. स्नॅपर साफ करतोय, खाऊन तरी जा."

"नाऊ, मामा."

तो डेकवर जायच्या सरकत्या काचेच्या दारात टेकून उभा होता, हातात सुरी, खवल्यांनी भरलेले हात. त्याने हसतच एक पाय उचलला आणि समोरच्या चौकटीला लावला. पायात जँडल होती. "टोल भरा, मग जा," असं काहीतरी म्हणाला. थट्टाच होती ती. मामाला इतिहास ठाऊक नव्हता, त्याला कधी कुणी चिमट्यांची गोष्ट सांगितली नव्हती. पण मी त्या पायाकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. खालून वाकून निघायचं मला आठवलंच नाही. मी उभ्या उभ्या रडायला लागलो. मामा घाबरला, मग चिडला. "एवढा घोडा झालास आणि रडतोस काय?"

सोमवारी घरी आलो तेव्हा गराज झाडलेलं होतं. गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. आई तिथे चादरीची घडी घालत होती. म्हणाली, "भावोजी ख्राइस्टचर्चला गेले. तिकडे मोटेलमध्ये काम मिळालंय."

"कुणी सांगितलं त्याला जायला?"

"लोक बोलतात रे."

"लोक म्हणजे मामा ना? आणि तू? तू काय म्हणालीस?"

आईशी मराठीत मी पहिल्यांदा भांडलो ते असं. तिने घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि म्हणाली, "मी हो म्हटलं." मागे दांडीवर निळा आणि लाल चिमटा एकमेकांना लावलेले होते. ते मी काढले नाहीत. उन्हाने त्यांचा रंग उडाला, तरी ते तिथेच होते.

पुढच्या रविवारी मामा पुन्हा मेथी घेऊन आला. जाताना म्हणाला, "ताई, फोनवरचं ते बदल आता. बरं दिसत नाही." आई म्हणाली, "मला नाही येत ते मशीन." माझी आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. भिंतीएवढी यंत्रं चालवायची. मामा माझ्याकडे वळला. मी म्हटलं, मलाही येत नाही.

काकाचा कोर्स तिकडे काही झाला नाही. व्हिसा संपला तसा तो पुण्याला परतला, आणि पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला. आत्याचा फोन आला. तिने सांगितलं, वॉर्डात कुणीही कसं वाटतंय विचारलं, की तो म्हणायचा, स्वीट ॲज. याचा अर्थ काय, असं तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "छान आहे म्हणतात तसं." आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

त्यानंतरच आमच्या घरात ते सुरू झालं. मी शाळेतून आलो की मशीनचा लाल दिवा लुकलुकत असायचा. बटण दाबलं की काही नसायचं. कुणीतरी श्वास घेतल्यासारखं, लांबून काहीतरी चाकांवर गेल्यासारखं, आणि कट. आठवड्यातून कितीतरी वेळा. आईला सांगितलं तर म्हणाली, "विकणारे असतील कुणी." मी ऐकून घेतलं. पण मला ठाऊक होतं कोण आहे ते. तो बोलायला येतो आणि पलीकडून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, म्हणून गप्प होतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. शाळेतून आलो की मी गालिच्यावर बसून ते श्वास ऐकायचो. मला भीती वाटायची, आणि दिवा लागलेला नसला तर त्याहून जास्त वाटायची.

याच काळात माझा आवाज फुटला. आधी चिरका झाला, मग एका हिवाळ्यात खाली बसला तो बसलाच. मी न्हाणीघरातून टॉवेल मागितला की आई लगेच यायची नाही. बाहेर पावलं थांबलेली कळायची. मग टॉवेल दाराच्या कडीला लटकवून ती निघून जायची.

एके दिवशी शाळेत टीचर-ओन्ली डे होता, म्हणजे मास्तर शाळेत आणि पोरं घरी. आईला सांगायचं राहून गेलं होतं. ती कामावर गेली होती, मी टोस्ट भाजत होतो. भर दुपारी फोन वाजला. मी हललो नाही. मशीनने उचलला. नमस्कार, किया ओरा. आम्ही आत्ता घरात नाही. मागे माझं जुनं, बारीक आवाजातलं हसू. तुम्ही बोला, आम्ही ऐकू. मग बीप. मग तो श्वास.

मी रिसीव्हर उचलला. मी म्हटलं, "बोल ना. ऐकतोय मी."

पलीकडे चाकांची कसलीशी गाडी खडखडत गेली. आणि मग अगदी हळू, एक बाई म्हणाली, "अहो?"

काकाला ती कायम भावोजी म्हणायची. मला नावाने. बाबांचं नाव तिने कधी घेतलं नाही. 'अहो' म्हणून तिने जगात एकाच माणसाला हाक मारली होती आणि त्याला जाऊन सात वर्षं झाली होती.

मला तोंडातून शब्द काढायला वेळ लागला. तेवढा वेळ ती वाट बघत होती, हे मला ऐकू येत होतं. शेवटी मी म्हटलं, "आई, मी आहे."

"अरे," ती म्हणाली. मग, "शाळा नाही का आज?"

"टीचर-ओन्ली डे."

"हो का? बरं. कुकर लावशील चारला? तांदूळ दोन वाट्या. डाळीत हळद घाल आठवणीने."

"हो."

तिने फोन ठेवला. टोस्ट जळला होता. मला एकदम त्या पहिल्या दिवसाची करपलेली फोडणी आठवली, आणि मी तिथेच ओट्याला धरून खाली बसलो. सगळं मंडळ ज्या माणसावरून तिला नावं ठेवत होतं, तो माणूसच चुकीचा होता. काका घरात होता तोवर तिला रोज तो आवाज मिळत होता, "स्वीट ॲज, वहिनी" म्हणणारा. त्याला जायला हो म्हटलं तेव्हा तिने बाबांना दुसऱ्यांदा पोचवलं होतं, आणि हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. मलाही नाही. मी तर तिच्याशी भांडलो होतो.

चारला मी कुकर लावला. आई आली, जेवलो, फोनचा विषय कुणी काढला नाही, पुढेही कधी काढला नाही.

त्यानंतर सुट्टीत मी पुष्कळदा घरी असायचो. दुपारी फोन वाजला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो. मशीनला उचलू द्यायचो. काका बोलायचा, मी हसायचो, बीप वाजायची. आणि पलीकडे आई फोन ठेवेपर्यंत मी श्वाससुद्धा जपून घ्यायचो, घरात मी आहे हे तिला कळू नये म्हणून.